हवालदाराची रिकामी वाटी

चेन्नईत गुप्तहेर पुष्कळ असतील. पण नंगनल्लूर भागात राहणारी, मराठी बोलणारी, नववीत शिकणारी आणि सायकलला पुढे टोपली असलेली गुप्तहेर एकच आहे. ती मी. सावनी.

माझी नजर घारीसारखी आहे (चष्मा उणे तीनचा). माझी स्मरणशक्ती अफाट आहे आणि त्याचं एक फार चांगलं उदाहरण आहे, ते आठवलं की लिहीन. माणसाच्या चपला बघून तो कुठून आला हे मी सांगू शकते. आत्तापर्यंत अकरा वेळा मी "बाहेरून" असं सांगितलं आणि अकराही वेळा ते बरोबर निघालं.

हा आत्मविश्वास जन्मजात नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात एकदाच हात वर केला होता, आणि तोही आळस देताना. मग जूनमध्ये आमच्या दाराशी दुधाची पिशवी येईनाशी झाली. मी चार दिवस तपास करून सिद्ध केलं की दूधवालाच ती टाकत नव्हता. तो हे पहिल्याच दिवशी म्हणाला होता, पण नुसत्या कबुलीवर विसंबून राहणं माझ्या पद्धतीत बसत नाही. त्या दिवसापासून मी बदलले. आता वर्गात मी इतका हात वर करते की बाईंनी मला खिडकीशी बसवलंय.

माझी साहाय्यक हरिणी. ती तिसऱ्या मजल्यावर आजीआजोबांकडे राहते. हे तंजावरचे मराठी लोक. यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि येताना आणलेली मराठी अजून जपून वापरतात, फाटली तिथे तमिळचं ठिगळ लावून. आम्ही चिंचवडहून चार वर्षांपूर्वी आलो, बाबांना ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून. त्यामुळे हरिणीच्या घरी गेलं की मला ताम्रपटात शिरल्यासारखं वाटतं. आणि हरिणीला माझं मराठी टीव्हीतल्या बातम्यांसारखं वाटतं. आम्ही दोघी भांडतो तमिळमध्ये.

तर, मंगळवारी संध्याकाळी अदितीताई आमच्या दारात उभी राहिली. अदितीताई हरिणीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मूळची नाशिकची, आयटीतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चपलांकडे पाहिलं.

"तू बाहेरून आलीस," मी म्हणाले.

"मी वरून आले. सावनी, हवालदार अजून बारीक झालाय."

हवालदार म्हणजे तिचं मांजर. खाकी रंग, पांढऱ्या मिशा, ड्यूटीवर झोपायची सवय. दोन महिन्यांपूर्वी तिने त्याला प्राण्यांच्या एका निवाऱ्यातून आणलं तेव्हा त्याचं वजन चार किलो होतं. निवाऱ्याची अट अशी की दोन महिन्यांनी त्यांचा माणूस घरी येऊन बघणार, आणि मांजराचं वजन नेताना होतं त्यापेक्षा फारच कमी भरलं तर मांजर परत घेऊन जाणार.

"आता किती आहे?"

"तीन किलो दोनशे. आणि रविवारी सकाळी निवाऱ्याच्या मॅडम येणार आहेत." ती सोफ्यावर बसली. "अगं, या शहरात मी पावणेदोन वर्षं आहे. घरी गेल्यावर कुणीतरी दाराशी येतं, हे मला त्या मांजरामुळे कळलं. त्याला नेलं ना, तर मी..." आईने तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

मी वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलं: *हवालदाराचं पोट कमी होत आहे. ही घटना मुळातच संशयास्पद.*

प्रकरणाची हकिगत अशी. अदितीताईने कुठेतरी वाचलं की मांजराला कच्चं मांस द्यावं, तेच त्याचं खरं अन्न. मग प्रश्न आला, पक्षी कुठला? रानातला की फार्मवरचा? एका बाजूचे लोक म्हणतात, रानातला पक्षी मोकळा फिरतो, चरबी कमी, मांजराच्या पूर्वजांनी तोच खाल्ला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, फार्मचा पक्षी निदान काय खाऊन वाढलाय ते ठाऊक असतं. अदितीताईचं काम आकडेवारीचं. तिने वाद मांजरावर सोपवला. मागच्या बाल्कनीत, म्हणजे जिथे धुणं वाळतं तिथे, गजांच्या कठड्याशी रोज सकाळी आठ वाजता दोन वाट्या. एकीत बाजारातून आणलेल्या 'काट्टु काडै'चे, म्हणजे पाटीनुसार रानातल्या लाव्यांचे तुकडे. दुसरीत फार्मच्या ब्रॉयलर कोंबडीची अख्खी तंगडी. वाट्या ठेवून ती कंपनीची बस पकडायला पळायची आणि संध्याकाळी परत आल्यावर काय उरलं ते तक्त्यात भरायची.

निकाल स्वच्छ होता. रानातल्याची वाटी रोज चाटूनपुसून रिकामी. फार्मची तंगडी अर्धी शिल्लक.

"म्हणजे त्याला रानातलाच आवडतो," अदितीताई म्हणाली. "म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी फार्मचं बंदच केलं. दोन्ही वाट्या रानातल्या. दोन्ही रिकाम्या होतात! आणि तेव्हापासून तो जास्तच वाळतोय. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं केलं. म्हणाले, मांजर ठणठणीत आहे, फक्त त्याला खायला घाला."

मी पेन खाली ठेवलं. जे तो संपवतो त्याने तो वाळतो, आणि जे तो अर्धं टाकतो त्याने तो बरा होता. असं प्रकरण गुप्तहेराच्या आयुष्यात एकदाच येतं. माझ्या आयुष्यात ते चौदाव्याच वर्षी आलं.

"रविवारपर्यंत आरोपी तुझ्यासमोर उभा करते," मी म्हणाले.

"आरोपी नको. मांजर हवंय," अदितीताई म्हणाली.

बुधवारी शाळेतून आल्यावर मी आणि हरिणी घटनास्थळी गेलो. अदितीताईने किल्ली दिली होती. हवालदार फ्रिजसमोर बसला होता आणि फ्रिजकडे असा बघत होता की जणू आत त्याची पेन्शन आहे.

मी पहिला सिद्धांत मांडला. "रानातला पक्षी आयुष्यभर पळालेला असतो. त्याच्या मांसात पळणंच भरलेलं असतं. ते मांजराच्या पोटात गेलं की मांजर आतल्या आत पळायला लागतं. बसल्या जागी व्यायाम."

हरिणीने हवालदाराकडे पाहिलं. हवालदार आडवा झाला होता.

"आतून पळतोय?"

"आतून."

"मग आम्च्या ताताला पण दे की थोडं. डॉक्टर चाल म्हणतो, तो चालत न्हाई." ताता म्हणजे तिचे आजोबा, राजगोपाल मामा. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो.

सिद्धांत तपासायला मी हवालदाराच्या छातीला कान लावून एक तास बसले. पळण्याचा आवाज आला नाही. घुरघुर आली, पण ती एका जागी होती.

दुसरा सिद्धांत गुरुवारी सकाळी बसमध्ये सुचला, आणि तो इतका भयंकर होता की मी हरिणीला हळूच सांगितला: हा हवालदारच नव्हे. खरा हवालदार पळवला गेलाय आणि त्याच्या जागी रोज थोडं थोडं बारीक मांजर ठेवलं जातंय.

"रोज नवीन मांजर?"

"टप्प्याटप्प्याने. म्हणजे संशय येत नाही."

"इतकी खाकी मांजरं कोण आणतो, सावनी?"

"तेच तर शोधायचंय."

संध्याकाळी मी पट्टीने मिशा मोजल्या आणि अदितीताईच्या फोनमधल्या जुन्या फोटोतल्या मिशांशी ताडून पाहिल्या. फोटोतल्या मिशा पावणेदोन सेंटिमीटर भरल्या, मांजराच्या साडेसहा. मी "बघ!" म्हणून ओरडले. हरिणी म्हणाली, फोटो लहान आहे. पुढची पंधरा मिनिटं आम्ही या मुद्द्यावर बोललो नाही. हवालदाराने मला एकदा ओरबाडलं. अदितीताई म्हणाली की असं तो पहिल्यापासूनच ओरबाडतो, म्हणून ओळख पटली असं मी वहीत लिहिलं.

पण त्याच वेळी तक्ता चाळताना मला एक गोष्ट सापडली. शनिवारी आणि रविवारी हवालदाराचं वजन थोडं वाढायचं. सोमवार ते शुक्रवार उतरायचं.

"सुट्टीच्या दिवशी तू काय करतेस?" मी अदितीताईला विचारलं.

"अकरा वाजता उठते. त्याला वाट्या देते आणि तिथेच बाल्कनीत कॉफी घेऊन बसते."

मला सगळं लख्ख दिसलं. हा गुन्हा नव्हताच. हा विरह होता. मांजर आठवडाभर एकटं जेवतं, जेवण अंगाला लागत नाही. तिसरा सिद्धांत: एकटेपणाने अन्नातली ताकद निघून जाते. मी लगेच अदितीताईच्या आवाजात "हवालदार, जेव रे राजा" असं रेकॉर्ड करून घेतलं आणि शुक्रवारी सकाळी तिने निघताना जुना फोन बाल्कनीत लावून ठेवला. संध्याकाळी वाट्या रिकाम्या, फोनवर काहीतरी टोचल्याच्या खुणा, आणि हवालदार पन्नास ग्रॅमनी कमी.

"फोनला चावला तो," मी म्हणाले. "रागाने. विरहात असं होतं."

"मांजर चावल्यावर दोन भोकं पडतात," हरिणी म्हणाली. "ही सात आहेत. आणि सगळी एकेकटी."

"हरिणी, तू मांजराची बाजू घेतेयस का?"

मी रोज चार ते सहा बाल्कनीवर पाळतही ठेवली होती, चौकापलीकडच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून, दुर्बिणीने. कोणी आलं नाही. फक्त शेजारच्या बाल्कनीत राजगोपाल मामा कपडे काढायला यायचे आणि आभाळाकडे बघत उसासे टाकायचे. शुक्रवारी जिन्यात त्यांनीच मला गाठलं.

"सावनी, तूं शोध लावतीस म्हणे. आम्चंही एक हुडकून दे. रोज सकाळीं कावळ्यास भात ठेवतों आम्ही, घरांत कुणी जेवायच्या आधीं. वरसानुवरस येत होते. आतां तीन आठवडे जालें, एक कावळा शिवत न्हाई. काय चुकलें कीं मजकडून. अप्पा रुसले असतील." अप्पा म्हणजे मामांचे वडील. जाऊन अठरा वर्षं झाली त्यांना. पितर कावळ्याच्या रूपाने येतात असं मानतात ना, तसे ते त्या कठड्यावर अठरा वर्षं येत होते. "आणि रविवारीं अमावास्या आहे," मामा म्हणाले.

मला खरंच वाईट वाटलं. पण गुप्तहेराने एका वेळी एकच प्रकरण हाताळायचं असतं. "मामा, सोमवारी बघते," मी म्हणाले. "सध्या एका मोठ्या गुन्ह्यात गुंतलेय."

शनिवारी मी मुळावर घाव घालायचं ठरवलं. मूळ म्हणजे बाजार. कासी अण्णाचं दुकान. बाहेर पाटी: *काट्टु काडै मिळेल*. मी हरिणीला कुजबुजत समजावलं की रानातले लावे पकडणं कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे इथे तस्करी चालते. म्हणजे हवालदाराच्या वाटीत गुन्ह्याचं मांस येत होतं, आणि त्या मांसात तस्कर काहीतरी लपवत असणार. हिरे. हिरे पोटात गेल्यावर वजन वाढायला हवं, ही त्यातली एक छोटी अडचण होती.

"अण्णा," मी तमिळमध्ये दरडावलं, "हे पक्षी कुठल्या रानातून येतात?"

कासी अण्णाने लाव्याचे चार तुकडे केले, बारीक, लिमलेटच्या गोळीएवढे, आणि माझ्याकडे पाहिलं. "पापा," तो म्हणाला (म्हणजे बाळ), "रानातले पकडले तर पोलीस मला पकडतील. फार्मचे आहेत. ट्रेमधून येतात, कोंबड्यांच्याच गाडीत."

"मग पाटीवर काट्टु का?"

"नुसतं काडै लिहिलं तर गिऱ्हाईक विचारतं, फार्मचं का? काट्टु लिहिलं की कोणी विचारत नाही. तू पहिलीच."

मी वहीत लिहिलं: *मी पहिलीच.* मग खाली बसले, कारण माझे चारही सिद्धांत एकदम कोसळले होते. ज्या दोन पक्ष्यांत मांजराने निवड केली होती ते एकाच ट्रेच्या दोन खणांत बसून, एकच दाणा खाऊन, एकाच गाडीने आले होते. रानातलं त्यांच्यात काहीच नव्हतं, पाटी सोडून.

"मग तो फरक कशात करतो?" मी हरिणीला विचारलं. "चव सारखी, गाव सारखं. एक वाटी रिकामी, एक अर्धी. का?"

"मज काय माहीत. तू गुप्तहेर."

आयुष्यात पहिल्यांदाच मला घरी गेल्यावर वही उघडावीशी वाटली नाही. अदितीताईला फोन केला, तर ती म्हणाली, "राहू दे गं. तू प्रयत्न केलास. मी त्याची टोपली धुवून ठेवलीय, न्यायला सोपं जाईल त्यांना." मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी आठला संयुक्ता मॅडम आल्या. निवाऱ्याच्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात वजनकाटा. त्यांच्या चपलांकडे मी पाहिलंही नाही. त्यांनी हवालदाराला काट्यावर ठेवलं. तीन किलो शंभर. त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल केला.

"तुम्ही त्याला काय देता, कसं देता, ते रोजच्यासारखंच करून दाखवा," त्या म्हणाल्या. "आपण हॉलमध्ये बसू. माणसं जवळ असली की मांजरं वेगळं वागतात."

अदितीताईने बाल्कनीत दोन वाट्या ठेवल्या, दार लोटलं. आम्ही हॉलमध्ये बसलो. मी, हरिणी, अदितीताई, मॅडम. इतक्यात मधल्या भिंतीपलीकडच्या बाल्कनीतून राजगोपाल मामांचा आवाज सुरू झाला. "का! का! का!" थोडा वेळ थांबून पुन्हा. "या हो! का! का!" अमावास्येचा भात होता. आवाज चढत चालला, आणि मग फाटला.

मॅडमनी भुवई उचलली. मी हरिणीला म्हणाले, "जा, ताताला जरा थांबव. इकडे तपास चालू आहे."

हरिणी गेली. परत आली ती आजीला घेऊन. अलमेलू मामी. नऊवारीसारखं नेसलेलं, हातात डाव, कपाळाला घाम. त्यांनी आत पाऊल टाकलं, मॅडमकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, अदितीताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मांजर नेतात कीं काय?"

"हो मामी," अदितीताई म्हणाली.

मामींनी डाव माझ्या हातात दिला, सरळ चालत गेल्या आणि बाल्कनीचं दार उघडलं.

"बघा."

बाल्कनीत तीन कावळे होते. एक हवालदाराची शेपटी ओढत होता. हवालदार वळून त्याच्यावर फिस्कारत होता. तो वळला की दुसरा वाटीतून लाव्याचा तुकडा उचलून गजांतून बाहेर. मग तिसरा त्याच्या जागी. अगदी रांग लावून. गजांतून कावळा आरामात जात होता. हवालदाराचं डोकं जात होतं, पोट अडत होतं, इतकं वजन घटूनही. चार मिनिटांत दोन्ही वाट्या साफ. शेवटच्याने जाताना वाटीच्या काठाला चोच पुसली.

मॅडम म्हणाल्या, "तुकडे लहान आहेत."

तेवढ्यात मला फार्मची तंगडी आठवली. अर्धी उरायची ती. ती कावळ्याला उचलतच नव्हती. तिच्यातलं जे काही संपायचं ते हवालदाराने खाल्लेलं असायचं, आणि म्हणून तेव्हा तो बरा होता. सुट्टीच्या दिवशी अदितीताई कॉफी घेऊन शेजारी बसायची, म्हणून कावळे यायचे नाहीत. फोनवरच्या सातही खुणा चोचींच्या होत्या. आणि मी पाळत ठेवली संध्याकाळी चार ते सहा, कारण सकाळी माझी शाळेची बस असते.

"मला कधीपासूनच वाटत होतं," मी म्हणाले.

हरिणीने माझ्याकडे पाहिलं.

"मामी, तुम्हाला हे ठाऊक होतं?" अदितीताईने विचारलं.

"आम्च्या स्वयंपाकघराच्या खिडकींतून दिसतें कीं. तीन आठवडे बघतीय."

"मग सांगितलं का नाही?"

दारात राजगोपाल मामा येऊन उभे होते. ओलं धोतर, कपाळाला विभूती, हातात भात वाढलेलं केळीचं पान. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"अप्पा," ते म्हणाले. "अप्पा काडै खातात? अलमेलू, आम्च्या घरांत कांदा येत नव्हता त्यांच्या भयानें! एकादशीस पाणी पीत नव्हते ते!"

मामींनी पदराने कपाळ पुसलं. त्या अदितीताईशी बोलत होत्या, पण मामांकडे बघत. "म्हणून तर सांगितलें न्हाई. मी लग्न होऊन आलें तेव्हां एकोणीस वरसांची. शनिवारीं अप्पा गिंडीच्या कारखान्यांतून अर्ध्या दिवसाची रजा होऊन उशिरा यायचे. रुमाल मी धुवायची. रुमालास मिऱ्याचा, तळल्या तेलाचा वास. सदऱ्याच्या खिशांत बडिशेप. एकदां मीच बाजारांत गेलें तर ते मिलिटरी हॉटेलांतून बाहेर येतांना दिसले."

मिलिटरी हॉटेल म्हणजे इथे मांसाहारी खाणावळ. सैन्याशी तिचा काही संबंध नसतो.

"त्यांनींही मज बघितलें. कांहीं बोलले न्हाईत. घरीं येतांना मज जिलेबी आणली. मग मी पण कोणास बोललें न्हाई. जाईपर्यंत न्हाई, गेल्यावर न्हाई. आतां तीन आठवड्यांमागें खिडकींतून बघितलें, तर भात सोडून तिकडे चाललेत. मज वाटलें, ह्या वयांत कुठें सांगत बसूं." त्या हवालदाराकडे वळल्या. "पण ह्या पोरीचें मांजर जातें म्हटल्यावर कसें गप्प बसावें."

मामा भाताचं पान हातात धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं ते रडणार. मला वाटलं ते रागावणार. दोन्ही सिद्धांत चुकले. ते हळूच म्हणाले, "शनिवारीं उशीर जाला कीं मी त्यांची वाट बघायचों. मज म्हणायचे, ओव्हरटाइम."

हरिणीला हसू आवरेना. मग मामींना. मग मॅडमनीही कागदावर काही लिहिण्याच्या निमित्ताने मान खाली घातली.

मॅडमनी पंधरा दिवसांची मुदत दिली. "मांजर उपाशी ठेवलेलं नाही, लुटलेलं आहे, असं लिहिते," त्या म्हणाल्या. जाताना अदितीताईने त्यांना विचारलं, "मग काय देऊ आता? रानातला की फार्मचा?"

"मोठा," मॅडम म्हणाल्या. "आणि एकदा डॉक्टरांना विचारून, उकडून."

पंधरा दिवसांनी हवालदार तीन किलो आठशे भरला. संयुक्ता मॅडमनी कागदावर सही केली, आणि अदितीताईने त्या कागदाचा फोटो काढून नाशिकला पाठवला. तिच्या आईचं उत्तर आलं, "हे हवालदार कोण?" अदितीताईने लिहिलं, "आमचे."

तोपर्यंत कावळ्यांचं बाल्कनीत येणं थांबलं नव्हतं, हे मात्र खरं. मी बुजगावणं केलं होतं, माझ्या पीटीच्या गणवेशाचं. कावळ्यांनी त्याचं बटण नेलं. मी आरसा टांगला. ते त्यात बघून पंख सारखे करायला लागले. उपाय निघाला तो माझ्याकडून नाही.

मुदत संपल्यावर दुसऱ्याच सकाळी, सोमवारी, मी शाळेला निघताना हरिणीला बोलवायला वर गेले, तर जिन्यात राजगोपाल मामा अदितीताईच्या दाराशी उभे दिसले. आंघोळ झालेली, विभूती लावलेली. आत जात नव्हते, बेलही वाजवत नव्हते. शेवटी अदितीताईनेच दार उघडलं.

"तूं तें आणतीस न, बाजारांतून," मामा म्हणाले. खाली बघत. "मांजरास मोठा तुकडा देतीस. तर त्या लहानांतला एक... वेगळा ठेवशील कां? रोज नको. शनिवारीं."

"ठेवेन मामा," अदितीताई म्हणाली. "तुमच्या कठड्यावर आणून ठेवू?"

"न्हाई न्हाई!" मामा दचकून दोन पायऱ्या खाली आले. "तुम्च्या कठड्यावरच ठेव. अप्पा घरांत कधीं खात नव्हते."